बरणीत न मावणारं गुपित

त्या पाळणाघरात तीन गोष्टींना हात लावायची कुणाची छाती नव्हती: स्वयंपाकाच्या मावशींचा मोठा डाव, मॅडमचा फोन आणि बाईआजींची बरणी.

बरणी काचेची होती. एके काळी तिच्यात बटणं ठेवलेली असत. झाकण लाल, एका बाजूनं चेपलेलं. बाईआजी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, आठ दिवस घरी बसल्या आणि नवव्या दिवशी सुनेनं हात जोडले. "आई, काल तुम्ही मला भाजी कशी चिरायची ते कागदावर आकृती काढून दाखवलीत. तुम्ही मुलांत जा कुठेतरी. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी जा." मग बाईआजी आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं काढलेल्या पाळणाघरात आल्या, आणि येताना बटणं सुनेच्या डब्यात ओतून रिकामी बरणी घेऊन आल्या. त्याला आता सात वर्षं झाली होती.

बरणीचा नियम सोपा होता. ज्याला गुपित सांगायचं असेल त्यानं बरणीत तोंड घालून कुजबुजायचं. बरणी बाईआजींच्या मांडीवर. बाईआजींनी ऐकायचं, पण ऐकलं असं तोंडावर दाखवायचं नाही. गुपित संपलं की झाकण घट्ट लावायचं आणि दोघांनी मिळून म्हणायचं, "बंद म्हणजे बंद!"

सात वर्षांत बरणीतून एक अक्षर बाहेर सांडलं नव्हतं. 'मी दादाचा ब्रश संडासात बुडवला आणि परत जागेवर ठेवला.' 'बाबा आईचं क्रीम लावतात आणि मांजरानं सांडलं म्हणतात.' 'मला बाळ आवडत नाही, पण त्याचे पाय आवडतात.' असली एकेक रत्नं पोटात ठेवून बाईआजी संध्याकाळी त्याच बाबांना दारात गंभीर चेहऱ्यानं नमस्कार करत, तेव्हा त्यांच्या गालाला आतून चिमटा बसलेला असे.

"बाई, माझ्याबद्दल काय काय आहे हो त्या बरणीत?" स्वयंपाकाच्या मावशी अधूनमधून विचारून बघायच्या.

"तुम्ही गाता तेव्हा छान दिसता, एवढंच आहे."

"दिसते? आणि ऐकायला?"

"बंद म्हणजे बंद, मावशी."

मावशी डाव आपटत आत जायच्या आणि मुद्दाम वरच्या पट्टीत गाणं सुरू करायच्या.

तर आताच्या मुलांत या बरणीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे खारूताई. वय साडेपाच, समोरचे दोन दात पडलेले, आणि फ्रॉकला खिसे नसतील तर फ्रॉकच घालायचा नाही असा बाणा. खिशात अर्धं बिस्किट, खडूचा तुकडा, दुसऱ्याच कुणाचा तरी मोजा, सुकलेलं पान, एकदा तर जिवंत गोगलगाय. खारीसारखी सगळं साठवते म्हणून बाईआजींनी नाव ठेवलं खारूताई, आणि ते इतकं चिकटलं की तिची आईसुद्धा घाईच्या वेळी त्याच नावानं हाक मारायला लागली.

खारूताई सकाळी शाळेत असायची आणि दुपारी शाळेच्या गाडीनं पाळणाघरात यायची. बारा चाळीसला गाडी फाटकाशी थांबायची. पुढे गाडीवाले, त्यांच्या शेजारी त्यांचा मोठ्या आवाजाचा रेडिओ, मागे अकरा मुलं आणि त्यांना सांभाळायला गाडीच्या ताई. ताई मोठी हसतमुख पोरगी. फाटकातून आत येता येता सगळ्यांची चौकशी करणार, मावशींना "काय घमघमाट सुटलाय!" म्हणणार, बाईआजी चष्मा शोधत असल्या तर "आज्जी, डोक्यावर!" म्हणून मोकळी होणार. बाईआजींना ती मनापासून आवडायची. इतकी चटपटीत मुलगी आपल्या वर्गात असती तर तिला वर्गप्रमुख केलं असतं, असं त्या म्हणायच्या. बाईआजींच्या तोंडी याहून मोठी पदवी नव्हती.

ताई दहा मुलांना रांगेनं आत सोडायची, त्यांची दप्तरं लावायची, मॅडमशी दोन शब्द बोलायची आणि मग पुन्हा गाडीकडे जाऊन अकरावी खारूताई कडेवर घेऊन यायची. खारूताईचा चेहरा लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"झोपली होती हं गाडीत," ताई लाडानं म्हणायची. "उठवायला जिवावर येतं."

"तुझी फार लाडकी आहे ती," बाईआजी म्हणायच्या.

कधी खारूताईच्या दंडावर लाल खूण असायची. "पायरीवर पडली, आज्जी. मी म्हटलं आधीच सांगावं." पाळणाघरात एक वही होती. मूल पडलं, खरचटलं, कुणी कुणाला चावलं, की त्यात तारीख, वेळ आणि कारण लिहायचं. वही बाईआजींकडे असे, कारण त्यांचं अक्षर. त्या चष्मा डोक्यावरून नाकावर घ्यायच्या आणि वळणदार अक्षरात लिहायच्या: 'गाडीच्या पायरीवर पडली.' पूर्णविराम. खाली सही.

बाईआजींना पहिल्यांदा खटकलं ते खिशांमुळे.

एका सोमवारी हात धुताना खारूताईचे खिसे सपाट होते. मंगळवारीही सपाट. बुधवारी बाईआजींनी मुद्दाम तिच्यासमोर खडूचा एक देखणा निळा तुकडा टाकला. खारूताईनं तो उचलला, बघितला आणि शहाण्यासारखा डब्यात ठेवला. पाच वर्षांचं मूल एकाएकी शहाण्यासारखं वागायला लागलं की चाळीस वर्षांचा अनुभव कान टवकारतो.

"मावशी, खारूताई जेवते का हो नीट?"

"दोन दिवस ताटात चित्रं काढतेय नुसती. आणि काय हो, एवढ्या उकाड्यात तिला लांब हाताचा स्वेटर कशाला घालतात? मी काढायला गेले तर किंचाळली. म्हटलं राहू दे बाई, उकडून निघ."

"किंचाळली?"

"म्हणजे काय, माझ्या गाण्याच्या वर आवाज गेला. आता बोला."

गुरुवारी दुपारी बाईआजी हातात शिवण घेऊन खेळाच्या खोलीच्या कोपऱ्यात बसल्या. शिवण हातात असलं की मुलांना मोठं माणूस दिसेनासं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खारूताईनं सहा छोट्या खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत मांडल्या. बाहुल्या बसवल्या. एक कापडी अस्वल होतं, कान शिवलेलं, ते मागच्या खुर्चीवर बसवलं. गाडी सुरू झाली. खारूताई ताई झाली होती.

"बोलायचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बाईआजींना इतकं वाटलं नसतं. मग तिनं अस्वलाचा हात वर केला आणि बगलेजवळ, आतल्या बाजूला, दोन बोटांनी चिमटा घेऊन पिळला. "परत बोललास? चल खाली." अस्वल खुर्चीखाली गेलं. त्याच्यावर एक दप्तर आलं, मग दुसरं. "आवाज केलास तर आई न्यायला येणारच नाही. मी फोन करून सांगणार, येऊ नका."

मग ती उठली, सगळ्या बाहुल्या एकेक करून खिडकीत नेऊन ठेवल्या, कोपऱ्यातल्या नळावर सावकाश हात धुतले, हात पुसले आणि परत आली. दप्तरं बाजूला केली, अस्वलाला कडेवर घेतलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि गोड हसून म्हणाली,

"झोपला होता हं गाडीत."

बाईआजींच्या हातातली सुई बोटात गेली, ते त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

त्या उठून वहीकडे गेल्या. तीन महिन्यांची पानं उलटली. 'गाडीच्या पायरीवर पडली.' 'गाडीच्या पायरीवर पडली.' सहा वेळा. वेळ प्रत्येक वेळी बारा चाळीस ते एकच्या मधली. सगळं त्यांच्याच सुंदर अक्षरात. पायरीवर पडलेल्या मुलाचे गुडघे फुटतात, कोपर सोलतं. दंडाच्या आतल्या बाजूला पायरी पोचते कशी, हे पहिलीच्या मुलानंही विचारलं असतं. आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांना 'कारण द्या' म्हणून गुण कापणाऱ्या बाईआजींनी सहाच्या सहा वेळा ऐकीव उत्तर लिहून घेतलं होतं. जिला लागलं होतं तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आजी."

मागे खारूताई उभी होती. हातात बरणी.

बाईआजी खाली बसल्या. बरणी मांडीवर आली. खारूताईनं झाकण काढलं, बरणीत तोंड घालणार एवढ्यात थांबली. "बंद म्हणजे बंद ना?"

आणि इथे बाईआजींकडून चूक झाली. सात वर्षांची सवय जिभेवर बसलेली. "म्हणजे काय!" त्या म्हणून गेल्या. "बंद म्हणजे बंद."

खारूताई बरणीत बोलली. थोडंच बोलली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. "मी झोपत नाही. मी सीटच्या खाली असते. दार लावून ताई जाते. खूप गरम होतं. मी हजार मोजते पण मला हजार येत नाही." मग जरा थांबून, "चिमटा लपलेला असतो. दाखवला तर आई येणार नाही."

तिनं तोंड बाहेर काढलं आणि झाकण पुढे केलं. बाईआजींनी ते हातात घेतलं, पण लावलं नाही.

झाकण लावलं असतं तर उद्या बारा चाळीसला गाडी येणार होती. उद्या आजच्याहून जास्त ऊन असेल. नाही लावलं, तर जिनं जगात एकाच भांड्यावर विश्वास ठेवला होता तिच्यासमोर ते भांडं खोटं ठरणार होतं. बाईआजींना वाटलं, आत्ता 'बंद' म्हणावं आणि मागल्या दारानं जाऊन सांगून यावं. पोरीला कळणारही नाही. पण ताईसुद्धा एक तोंडावर आणि एक पाठीमागे करत होती. निदान तेवढं तरी आपल्या हातून नको.

"खारूताई," त्या म्हणाल्या, "मी चुकले. मी न ऐकताच बंद म्हणाले. हे मी बंद नाही करणार."

"तू म्हणालीस!"

"म्हणाले. चुकून म्हणाले. हे गुपित बरणीत मावत नाही. कुणी कुणाला दुखावलं की ते गुपित नसतंच. ते मोठ्या माणसांचं काम असतं. मी आता मॅडमला सांगणार आहे आणि मुलांना मदत करणारी माणसं असतात, त्यांना सांगणार आहे. तू मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. आणि आई आज सहा वाजता येणार. रोज येते तशी. तिला कुणाच्याही फोननं थांबवता येत नाही."

खारूताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईआजींना आपल्या सगळ्या शाळा-तपासण्या आठवल्या. मग तिनं बरणी ओढून घेतली, झाकणही घेतलं, आणि दोन्ही घेऊन टेबलाखाली जाऊन बसली. पाठ फिरवून.

मॅडमची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि डोकं वर केलं की जिन्याला लागायचं. मॅडम तिसरीत बाईआजींच्या वर्गात होत्या. पालकांसमोर बाईआजी त्यांना अहो-जाहो करायच्या, दार लावलं की अगं-तुगं.

"दार लाव आणि बस," बाईआजी म्हणाल्या.

सगळं ऐकून मॅडमचा चेहरा खडूसारखा झाला. "बाई, पण ती ताई? अहो, ती तर... माझ्या वाढदिवसाला केक तिनं आणला."

"मला रोज चष्मा शोधून देते. म्हणून काय झालं?"

"मी उद्या सकाळीच तिला बोलावते आणि कडक समज देते. आधी तिचं ऐकून घेऊ. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बोलायचं नाही?"

"ते खडू कुणी चोरला त्यासाठी होतं गं बाळ. तू समज दिलीस की ती 'चुकलं मॅडम' म्हणेल, रडेल, आपल्यालाही रडू येईल. आणि गाडीत गेल्यावर खारूताईला विचारेल, कुणाला सांगितलंस?"

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि नसलंच काही तर? मुलं खेळात काहीही बोलतात. एका पोरीचं नाव खराब होईल. आपलं पाळणाघर..."

"म्हणून तर आपण ठरवायचं नाही. आपण पंचही नाही आणि पोलीसही नाही. तो नंबर कुठाय? बालसंरक्षण कार्यालयातल्या बाईंनी गेल्या वर्षी येऊन कागद दिला होता बघ, शंका आली तर इथे कळवा म्हणून."

"तो मी खेळाच्या खोलीत दर्शनी भागी लावायला सांगितला होता."

"मग दिसत कसा नाही?"

दोघी खेळाच्या खोलीत गेल्या. दर्शनी भागी फळांचा तक्ता होता. बाईआजींनी स्वतः काढलेला, स्वतः रंगवलेला, आणि चारही कडांना खळ लावून स्वतः चिकटवलेला. त्यांनी तक्त्याचा कोपरा उचलून पाहिला. केळ्याच्या मागे एका आकड्याचं शेपूट दिसलं.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मदतीच्या नंबरावर केळं चिकटवलंत?"

"भिंतीवर तेवढीच जागा होती," बाईआजी म्हणाल्या आणि नखानं केळं सोलायला लागल्या. द्राक्षंही फाडावी लागली. अननसापाशी पूर्ण नंबर हाती आला.

फोनवर एका मुलीचा आवाज होता. वयानं नातीएवढी, पण आवाज वर्ग हातात असलेल्या शिक्षिकेसारखा. तिनं घाई केली नाही. मूल कुठे आहे, आत्ता सुरक्षित आहे का, तिनं नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितलं, खुणा कुठे होत्या, वहीत काय आहे, गाडीत आणखी किती मुलं असतात.

"मला खात्री नाही," बाईआजी म्हणाल्या. "मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही."

"खात्री करणं आमचं काम, आजी. शंका आली की कळवणं तुमचं. ते तुम्ही केलंत. आता एक करा: तिनं जे म्हटलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, आपली भर घालू नका. आणि तिला पुन्हा पुन्हा विचारू नका."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही. तिनं आपणहून सांगितलं तर ऐका. आमच्या बाई उद्या येतील, त्यांना विचारता येतं. गाडीच्या ताईंना आज काही बोलू नका, पण उद्या त्या गाडीत एकही मूल बसणार नाही एवढं बघा. आईला मात्र आजच सांगा."

बाईआजींनी फोन ठेवला. चाळीस वर्षं ज्या बाईनं प्रश्नच विचारले, तिला एकही प्रश्न विचारायचा नाही! त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं: 'मी हजार मोजते पण मला हजार येत नाही.' या वेळी अक्षर वाकडं आलं. त्यांनी खोडलं नाही.

सहा वाजता खारूताईची आई आली. ती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून तिच्या बोटांना डिंक लागलेला असे. मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि बाईआजींनी सांगितलं, जेवढं माहीत होतं तेवढंच.

"मी विचारलं होतं तिला," आई म्हणाली. "आंघोळीच्या वेळी. 'पडले' म्हणाली. मग स्वेटर मागायला लागली, मला वाटलं नवीन आहे म्हणून." ती बराच वेळ बोटांचा डिंक खरवडत राहिली. "ती ताई मला रोज रस्त्यावरून हात करते हो. मी पण करते."

"आम्ही सगळ्यांनीच केला," बाईआजी म्हणाल्या.

टेबलाखालून खारूताई आली. आई आलेली पाहून तिनं आधी घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे, मग आईच्या मांडीत चढली. बाईआजींकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराचा सगळा गाडा उलटा चालला. मॅडमनी रात्रीच अकरा घरांना फोन करून 'उद्या गाडी नाही' एवढंच सांगितलं होतं. शाळेतून मुलं आणायला मॅडम, दोन मुलांच्या आज्या आणि स्वयंपाकाच्या मावशी पायी निघाल्या. मावशींच्या हातात डाव होता.

"तो कशाला?" बाईआजींनी विचारलं.

"राहू द्या हातात. बरं वाटतं."

अकरा मुलं हात धरून, मावशींच्या गाण्याच्या तालावर चालत आली. वीस मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला, कारण वाटेत एका कुत्रीला पिल्लं झाली होती. मुलांच्या मते ही आजवरची सगळ्यात चांगली गाडी होती.

कार्यालयातल्या बाई दुपारी आल्या. साध्या चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत कोरे कागद आणि रंगांची पेटी. त्या खारूताईशेजारी जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ एक घरच काढत राहिल्या. खोलीच्या दाराला काच होती. बाईआजी काचेबाहेरून दिसतील अशा बसल्या, ऐकू येणार नाही इतक्या लांब. मग डॉक्टरांनी आईसमोर दंड पाहिले. मग इतर पालकांना विचारलं गेलं, आणि पुढच्या चार दिवसांत आणखी तीन मुलांनी आपल्या आपल्या शब्दांत तेच सांगितलं. गाडीवाले म्हणाले, रेडिओ चालू असतो, मागचं काही ऐकू येत नाही. ताईला कामावरून दूर केलं गेलं आणि चौकशी रीतसर सुरू झाली. ती सावकाश चालणार होती. एकदा कार्यालयाबाहेर बाईआजींना ताई दिसली. हसत नव्हती, तेव्हा ती फारच लहान दिसत होती. बाईआजींना तिची दया आली आणि रागही तितकाच आला. दोन्ही घेऊन त्या घरी आल्या आणि त्या दिवशी सुनेला एकही आकृती काढून दाखवली नाही.

भिंतीवर आता मदतीचा नंबर होता, आणि त्याच्या बाजूनं उरलेली फळं. वहीतल्या 'कारण' या रकान्याशेजारी बाईआजींनी पट्टीनं आणखी एक रकाना आखला: 'मूल काय म्हणालं'.

खारूताई मात्र बाईआजींशी बोलत नव्हती. जेवायची, स्वेटर काढून ठेवायची, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तर खिशात एक चमचा सापडला. सगळं सुधारत होतं, पण बाईआजी समोर आल्या की भिंत बघितल्यासारखी बाजूनं निघून जायची. बरणी तिनं फळीवर परत ठेवली होती, झाकणाशिवाय. झाकण कुठे होतं ते तिलाच माहीत.

"बोलेल हो," मावशी म्हणाल्या. "माझी नणंद सहा वर्षं बोलली नव्हती."

"हा काय दिलासा झाला?"

त्यानंतरच्या सोमवारी बाईआजी जमिनीवर बसून मणी निवडत होत्या. खारूताई आली. फळीवरून बरणी काढली, बाईआजींच्या मांडीवर ठेवली आणि बसली.

"आधी सांग," ती म्हणाली. "काय बंद करणार आणि काय नाही?"

बाईआजींनी मणी बाजूला ठेवले. प्रश्न वाजवी होता. "कुणी तुला किंवा दुसऱ्या कुणाला दुखवत असेल, घाबरवत असेल, 'कुणाला सांगू नकोस' म्हणत असेल, तर ते बंद नाही. ते मी आधीच सांगून ठेवते. बाकी सगळं बंद म्हणजे बंद."

खारूताईनं बराच विचार केला. मग बरणीत तोंड घालून म्हणाली, "बुटांच्या फळीमागे मी सात बिस्किटं ठेवलीत. मावशींच्या डब्यातली." तिनं तोंड बाहेर काढलं, खिशातून लाल झाकण काढलं आणि समोर धरलं. बाईआजींच्या डोळ्यांत बघत.

बाईआजींनी झाकण लावलं. "बंद म्हणजे बंद."

मंगळवारी मुंग्या आल्या.

आधी एक बारीक ओळ, दारापासून बुटांच्या फळीपर्यंत. बुधवारी ती ओळ हमरस्ता झाली. मावशींनी झाडू घेतला, हळद टाकली, मुंग्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "कुठून येतात या मेल्या? बाई, तुम्ही दिवसभर इथे बसता, तुम्हाला काही माहितीये का?"

खारूताई चित्र रंगवत होती. तिचा खडू कागदावर थांबला.

"मला?" बाईआजी म्हणाल्या. "नाही बुवा."

गुरुवारी मुंग्या मॅडमच्या बुटात शिरल्या. मॅडम जिन्याखालून एक पाय धरून बाहेर आल्या आणि वर डोकंही आपटून घेतलं. "बाई! तुम्हाला नक्की माहीत असणार. त्या बरणीत असणार!"

"बरणीत मुंग्या नाहीत," बाईआजी म्हणाल्या, आणि बरणी उजेडात धरून दाखवली. "बघ."

त्याच वेळी एक मुंगी त्यांच्या स्वतःच्या पोटरीला चावली. कडकडून. बाईआजींनी तोंड मिटलं, डोळ्यांत पाणी आलं, पण हूं की चूं केलं नाही. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "बाई, तुम्ही काहीतरी लपवताय. मी तुम्हाला ओळखून आहे."

"मी मणी निवडतेय, मावशी."

खारूताईनं खडू खाली ठेवला. उठली, सगळ्यांच्या मधून चालत बुटांच्या फळीपाशी गेली, मागे हात घातला आणि सात बिस्किटं, म्हणजे आता साडेचारच उरली होती, मुंग्यांसकट बाहेर काढून मावशींच्या हातावर ठेवली.

"मी ठेवली होती," ती म्हणाली. "आजीनं नाही सांगितलं."

"अगं कार्टे!" मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थेट गाण्यातच जाऊन थांबलं.

खारूताई बाईआजींकडे आली. त्यांच्या पोटरीवरचा लाल फुगवटा तिनं वाकून नीट पाहिला, एक बोट त्याच्या अगदी जवळ नेलं, पण लावलं नाही.

"दुखलं?"

"खूप."

"मग ओरडली का नाहीस?"

"मी लपवत होते ना. ओरडले असते तर कळलं असतं."

खारूताईनं कपाळाला आठ्या घातल्या. "दुखलं तर सांगायचं असतं, आजी," ती म्हणाली, आणि वहीच्या फळीकडे निघाली. वही तिला पेलेना, तरी ओढत घेऊन आली. बाईआजींच्या मांडीवर ठेवली, नवा रकाना बोटानं शोधला आणि बाईआजींचा चष्मा त्यांच्या डोक्यावरून खाली, नाकावर ओढला.

"लिही. मुंगी चावली. आणि खाली तू काय म्हणालीस ते लिही."